चवदार तळे ते संविधान : बाबासाहेब आणि सत्तेची विभागणी

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. कोलंबिया व लंडन येथील त्यांच्या पदव्या आपल्या विद्यार्थ्यांना मुखोद्गत असतात. विधिमंडळ, कार्यपालिका आणि न्यायपालिका या सत्तेच्या तीन अंगांचा त्यांचा परिचय मात्र केवळ ग्रंथांतून झालेला नव्हता. भोरहून वरंधा घाट उतरला की महाड लागते. त्या परिचयाची कठोर शाळा तेथील चवदार तळे ही होती.

१९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तसाच ठराव केला. तरीही पाणी मिळाले नाही, कारण ठराव राबवायला कोणी पुढे आले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याच डिसेंबरात सनातन्यांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. तो मानून बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला. मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निर्णय आला तो १७ मार्च १९३७ रोजी. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे!

पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून त्यांनी कार्यपालिकाही आतून पाहिली.

१९४७ च्या आपल्या निवेदनात त्यांनी विधिमंडळाला मुदतीपूर्वी हटवता न येणारी कार्यपालिका सुचवली होती. जातीय बहुमताच्या लहरीवर सरकार चालू नये, हा त्यामागील हेतू. मात्र ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा समितीचे अध्यक्ष या नात्याने त्यांनी संसदीय पद्धतीचे समर्थन केले. स्थैर्यापेक्षा दररोजच्या उत्तरदायित्वाला अधिक मोल दिले. काहीजण याला निव्वळ तडजोड म्हणतात. मला ते पटत नाही. अल्पसंख्याकांचे संरक्षण त्यांनी न्यायालयाच्या दारातही उभे केले. थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागू देणाऱ्या अनुच्छेद ३२ ला त्यांनी संविधानाचा आत्मा मानले. त्याच वेळी न्यायाधीशांच्या नेमणुकीत सरन्यायाधीशांना नकाराधिकार देण्यास त्यांनी विरोध केला. तेही माणूसच, ही त्यांची भूमिका होती.

आपल्या आजोबांच्या काळी महसूल वसूल करणारा मामलेदारच फौजदारी खटलेही चालवी. न्यायपालिका कार्यपालिकेपासून वेगळी करण्याचे तत्त्व अनुच्छेद ५० मध्ये आले आणि मुंबई राज्याने त्यासाठी १९५१ मध्ये कायदा केला. त्याच वर्षी हिंदू कोड बिल रखडल्याने बाबासाहेबांनी कायदामंत्रिपद सोडले आणि पुढच्या वर्षी राज्यसभेत विरोधी बाकावर जाऊन बसले. ६ डिसेंबर १९५६ रोजी महापरिनिर्वाण झाले, तेव्हाही ते त्या सभागृहाचे सदस्य होते.