नेपोलियनला घराच्या भिंतीनेच आजारी पाडलं?

वॉटर्लूच्या पराभवानंतर १८१५मध्ये ब्रिटिशांनी नेपोलियनला सेंट हेलेना बेटावर धाडलं. युरोप हादरवणाऱ्या या सम्राटाच्या वाट्याला आलं ‘लाँगवूड’ हे ओल आणि बुरशी धरलेलं घर. पोटदुखी, उलट्या वाढत गेल्या. ५ मे १८२१ रोजी ५१व्या वर्षी तो गेला. शवविच्छेदनात जठराचा आजार दिसला, तरी विषप्रयोगाची कुजबुज थांबली नाही.

पुढे लाँगवूडच्या वॉलपेपरच्या तुकड्यात आर्सेनिक सापडलं. तेव्हाच्या हिरव्या रंगात ते सर्रास असायचं. ओल्या भिंतीवरची बुरशी अशा रंगातून आर्सेनिकयुक्त वायू सोडते, हे इटलीच्या बार्तोलोमेओ गोसिओने १९व्या शतकाअखेरीस दाखवलं होतं. संशय भिंतीवर गेला तो त्यामुळे.

मात्र २००८मध्ये इटलीतच झालेल्या तपासणीत नेपोलियनच्या लहानपणीच्या केसांतही तेवढंच आर्सेनिक निघालं! बहुतेक तज्ज्ञ आज जठराच्या कर्करोगाकडेच बोट दाखवतात.