बाबासाहेबांचे इंग्रजी वाक्य

करमाळा तालुक्यातील केमसारख्या गावात इंग्रजी व्याकरणाच्या धाकाने पुस्तक मिटणाऱ्या आपल्या मुलांनी बाबासाहेबांचे विद्यार्थीपण आठवावे. १८९१ साली महू येथे जन्मलेल्या भीमरावांकडून वडील सुभेदार रामजी यांनी हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोटवून घेतली. अस्पृश्य म्हणून शाळेत संस्कृत नाकारले गेले, फारसी घ्यावी लागली. इंग्रजीची वाट मात्र कुणाला अडवता आली नाही. १९०७ ला मॅट्रिक, १९१२ ला बी.ए., पुढे कोलंबिया आणि लंडन.

२९ ऑगस्ट १९४७ रोजी नेमलेल्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष झाले. तिथे वाक्यरचना हा कोट्यवधींच्या जगण्याचा प्रश्न होता. कलम १९ स्वातंत्र्ये देते आणि लगेच मर्यादाही घालते. कलम १७ अस्पृश्यता नष्ट करते, पण त्यात एकही ‘परंतु’ नाही. एखादे पोटवाक्य जोडले असते, तर रूढीला तेवढीच पळवाट पुरली असती.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. ते वाक्य उभे आहे. बाळांनो, क्रियापद चुकले तर लाजू नका, पण कळेपर्यंत सोडूही नका. ज्याला कायद्याचे वाक्य वाचता येत नाही, त्याचा हक्क दुसराच कुणीतरी वाचून दाखवतो, आणि आपल्या सोयीने!