तुसाच्या खड्ड्यात पाय घालणारी अण्णाकुट्टी

केरळात कोट्टायमजवळच्या कुडमाळूर गावात १९ ऑगस्ट १९१० ला तिचा जन्म झाला. आई लवकरच गेली, मावशीनं वाढवलं. मावशी शिस्तीची. चांगलं स्थळ बघून पोरीला उजवायची, एवढंच तिच्या डोक्यात. पोरीला मात्र मठात जायचं होतं.

भाताचं तूस खड्ड्यात पेटवलं की वर राख आणि आत निखारा असतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. १९२३ साली अण्णाकुट्टीनं असल्या खड्ड्यात पाय घातला. पाय भाजला तर लग्न टळेल, हा तिचा हिशेब. पण ती जास्तच भाजली, जन्माचं अधूपण आलं. असलं धाडस कुणी करू नये. मावशीचा हट्ट मात्र तिथंच सुटला.

१९२७ ला ती भरणंगानमच्या मठात गेली, पुढं सिस्टर अल्फोन्सा झाली. वाकक्काडच्या शाळेत त्यांनी शिकवलं, पण तब्येत साथ देईना. १९४० मध्ये रात्री खोलीत चोर शिरला, त्या धसक्यानं त्यांची आठवणच गेली. शेवटी पोटाचं दुखणं आणि उलट्या. दुखणं थांबव, असं त्यांचं मागणं नसे. आपलं दुखणं त्या क्रुसावरच्या येशूच्या दुखण्यात मिळवत, दुसऱ्यांच्या भल्यासाठी. शाळेची लेकरं भेटायला आली की हसून बोलत.

२८ जुलै १९४६ ला, ३५ व्या वर्षी त्या गेल्या. मातीला माणसं थोडीच होती. कबरीवर आधी येऊ लागली ती शाळेची पोरं. १२ ऑक्टोबर २००८ ला रोममध्ये त्यांना संतपद मिळालं. भारतातल्या त्या पहिल्या महिला ख्रिस्ती संत. दर जुलैत, भर पावसात, भरणंगानमला आता गर्दी होते.