देवीची लस शोधणारा जेन्नर

इंग्लंडच्या पश्चिम भागात ग्लॉस्टरशायर नावाचा परगणा आहे. हिरवीगार कुरणे आणि दुभत्या गाई यांसाठी तो पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. या परगण्यातील बर्कली नावाच्या लहानशा गावी १७ मे १७४९ रोजी एडवर्ड जेन्नर याचा जन्म झाला. त्याचे वडील गावच्या चर्चचे धर्मोपदेशक होते. एडवर्ड पाच वर्षांचा असतानाच त्यांचा मृत्यू झाला, आणि त्याच्या पालनपोषणाचा भार त्याच्या वडील भावंडांवर पडला.

त्या काळी साऱ्या युरोपात देवीच्या रोगाने थैमान घातले होते. आपल्या देशातही या रोगाचा धाक एवढा मोठा होता की, लोकांनी त्याला देवी हेच नाव दिले. प्रथम सणसणून ताप येई, मग चेहऱ्यावर आणि सर्वांगावर पाण्याने व पुवाने भरलेले फोड उठत. देवी आलेल्या शंभर रोग्यांपैकी वीस ते तीस दगावत. जे वाचत त्यांच्या चेहऱ्यावर जन्मभर वण राहत. कित्येकांची दृष्टी जाई. मात्र एक गोष्ट लोकांच्या ध्यानात फार पूर्वीच आली होती. ज्याला एकदा देवी येऊन गेल्या, त्याला त्या सहसा पुन्हा येत नाहीत. म्हणून इंग्लंडमध्ये घरात नोकर ठेवताना देवी येऊन गेलेला माणूस आवर्जून पाहत. त्याच्या तोंडावरील वण हेच जणू त्याचे प्रशस्तिपत्र!

या अनुभवातूनच एक उपाय निघाला होता. एखाद्या रोग्याच्या फोडातील पू किंवा खपली घेऊन ती निरोगी माणसाच्या कातडीवर ओरखडा काढून त्यात भरावयाची. म्हणजे त्याला सौम्य देवी येत आणि पुढील भय टळे. हिंदुस्थान, तुर्कस्तान इत्यादी देशांत ही रीत पूर्वापार चालत होती. इंग्लंडमध्ये ती १७२१ साली लेडी मेरी माँटेग्यू या विदुषीने तुर्कस्तानातून आणली. पण हा सौदाही स्वस्त नव्हता. देवी सौम्य येतीलच अशी खात्री नसे. अशा रीतीने देवी टोचलेल्या शंभरांपैकी दोघे-तिघे मरत. शिवाय टोचून घेतलेल्या माणसापासून घरच्यांना आणि शेजाऱ्यांना खऱ्या देवी लागत. एकाला वाचवताना दुसऱ्याच्या घरी रोग जाई.

एडवर्ड आठ वर्षांचा असताना त्यालाही अशाच देवी टोचण्यात आल्या. आधी त्याचे रक्त काढले, रेचके दिली आणि त्याला अर्धपोटी ठेवले. मग टोचून झाल्यावर इतर मुलांबरोबर एका तबेल्यात कोंडून ठेवले. बरा होऊन तो बाहेर आला, तेव्हा हाडांचा सापळा झाला होता. देवीपासून तो सुरक्षित झाला खरा, परंतु त्या सुरक्षिततेसाठी काय सोसावे लागते ते त्याला त्या वयातच कळले.

पुढे काही वर्षे त्याने एका शस्त्रवैद्याच्या हाताखाली उमेदवारी केली. वयाच्या एकविसाव्या वर्षी, १७७० साली, तो लंडनला गेला आणि जॉन हंटर या नामांकित शस्त्रवैद्याचा शिष्य झाला. नुसते तर्क लढवीत बसणे हंटरला मुळीच खपत नसे. जे म्हणायचे ते आधी प्रयोग करून पाहावे असा त्याचा खाक्या होता. कॅप्टन कुकने आपल्या पहिल्या जलप्रवासातून आणलेल्या दुर्मीळ वस्तू व्यवस्थित लावून ठेवण्याच्या कामीही जेन्नरला घेण्यात आले. लंडनमध्ये राहून त्याला पैसा आणि कीर्ती दोन्ही मिळवता आली असती. पण त्याचे मन बर्कलीच्या कुरणांत होते. तो गावी परतला आणि घोड्यावरून खेडोपाडी फिरणारा वैद्य झाला.

सृष्टीचे निरीक्षण हा त्याचा आवडता छंद होता. कोकीळ पक्षी दुसऱ्या पक्ष्यांच्या घरट्यात अंडी घालतात हे सर्वांना ठाऊक होते. मग त्या घरट्यातील मूळची पिल्ले जातात कोठे? जेन्नरने बारकाईने पाहिले, तेव्हा अंड्यातून नुकतेच बाहेर पडलेले, डोळेही न उघडलेले कोकिळेचे पिल्लूच त्यांना पाठीवर घेऊन घरट्याबाहेर लोटून देते असे त्याला आढळले. हा शोध अनेकांना खोटा वाटला. पुढे तो खरा ठरला, आणि याच कामामुळे जेन्नरला रॉयल सोसायटी या विद्वत्सभेचे सभासदत्व मिळाले.

वैद्यकी करताना त्याला गावकऱ्यांना देवी टोचाव्या लागत. काही लोकांना त्या कितीही वेळा टोचल्या तरी लागतच नसत. जेन्नरने चौकशी केली, तेव्हा त्यांपैकी बऱ्याच जणांना पूर्वी गाईच्या देवी येऊन गेल्याचे कळले. गाईच्या आचळांवर कधी कधी फोड येतात. धार काढणाऱ्यांच्या हातांनाही ते होतात, थोडा ताप येतो आणि माणूस चार दिवसांत बरा होतो. ज्याला हे फोड आले त्याला देवी येत नाहीत, असा गवळी लोकांचा समज होता. डॉर्सेट परगण्यातील बेंजामिन जेस्टी नावाच्या शेतकऱ्याने तर १७७४ साली याच समजुतीवर विसंबून आपल्या बायकोला आणि दोन मुलांना गाईच्या फोडातील द्रव टोचला होता. परंतु समजूत म्हणजे पुरावा नव्हे. जेन्नरने अशी माणसे शोधून त्यांची टिपणे ठेवण्यास प्रारंभ केला. त्यांत एका बासष्ट वर्षांच्या गृहस्थाची हकीकत फार लक्षणीय आहे. त्याला वयाच्या नवव्या वर्षी गाईच्या देवी आल्या होत्या. मध्ये त्रेपन्न वर्षे लोटली होती, तरी जेन्नरने टोचलेल्या देवी त्याला लागल्या नाहीत.

मे १७९६ मध्ये सारा नेल्म्स नावाच्या गवळणीच्या हातावर गाईच्या देवीचे फोड आले. १४ मे रोजी जेन्नरने त्या फोडातील द्रव घेतला आणि जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडावर दोन बारीक चिरा देऊन त्यात भरला. जेम्स हा एका माळ्याचा मुलगा. सातव्या दिवशी त्याच्या काखेत दुखू लागले. नवव्या दिवशी थोडी थंडी वाजली, भूक मंदावली, डोके दुखले. दहाव्या दिवशी मुलगा पूर्ववत हिंडूफिरू लागला.

खरी परीक्षा पुढेच होती. १ जुलै रोजी जेन्नरने जेम्सला खऱ्या देवी टोचल्या. त्या काळी मुलांना देवी टोचण्याची रूढीच होती, म्हणून कोणाला यात वावगे वाटले नाही. आज एखाद्या बालकावर असा प्रयोग करण्यास कोणीही अनुमती देणार नाही. दिवस उलटू लागले. ताप आला नाही, फोड उठले नाहीत. काही महिन्यांनी पुन्हा देवी टोचल्या. तरीही जेम्स सुखरूप राहिला.

असे का घडले, हे त्या वेळी जेन्नरलाही सांगता आले नसते. विषाणूंचे ज्ञान कोणालाच नव्हते. आज त्याचे कारण माहीत आहे. देवीचे विषाणू आणि गाईच्या देवीचे विषाणू ही एकाच कुळातील भावंडे आहेत. रोगजंतू शरीरात शिरला की शरीर त्याच्याशी झुंजते आणि त्याची ओळख लक्षात ठेवते. तो पुन्हा आला की त्याला लवकर हाणून पाडते. खऱ्या देवी आल्या तर ही ओळख पक्की होई, परंतु ती करून घेता घेता कित्येकांचे प्राण जात. गाईच्या देवीमुळे तीच ओळख एका लहानशा फोडावर भागे. टोचलेल्या मुलापासून शेजाऱ्याला खऱ्या देवी लागण्याचेही भय नसे.

रॉयल सोसायटीने जेन्नरचा निबंध स्वीकारला नाही. एकाच मुलावरील प्रयोग एवढ्या मोठ्या गोष्टीला पुरेसा नाही असे तेथील विद्वानांना वाटले, आणि ते फारसे चुकीचे नव्हते. पुन्हा प्रयोग करावा तर परिसरातील गाईंमध्ये तो रोगच उरला नव्हता. अखेर १७९८ च्या वसंतात त्याने आणखी मुलांना लस टोचली आणि तेवीस हकिकतींचे एक छोटे पुस्तक स्वतःच छापून प्रसिद्ध केले. लॅटिन भाषेत गाईला वॅका म्हणतात. त्यावरून लशीला व्हॅक्सीन हे नाव मिळाले.

पुस्तकाने मोठी खळबळ उडाली. माणसाच्या अंगात गुराचे द्रव्य घालणे कोणाला पाप वाटले, तर कोणाला किळसवाणे. लस टोचलेल्यांच्या नाकातोंडातून गाई बाहेर पडत आहेत असे एक व्यंगचित्रही १८०२ साली निघाले. परंतु लस टोचलेली मुले जगत होती. स्पेनच्या राजाने १८०३ साली लस अमेरिकेत पोहोचवण्यासाठी जहाज पाठवले. त्यावर बावीस अनाथ मुले होती. एकाच्या दंडावरील फोडातून दुसऱ्याला, दुसऱ्याच्या फोडातून तिसऱ्याला, अशी लस जिवंत ठेवीत ते जहाज महासागरापार गेले. आपल्याकडे ती त्याही आधी आली. व्हिएन्नाहून बगदाद आणि बसरा या मार्गाने येऊन ती मुंबईस पोहोचली आणि १४ जून १८०२ रोजी तेथे ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली. हिंदुस्थानात देवीची लस सर्वांत आधी या मुलीला मिळाली. तिच्या दंडावरील फोडातून मुंबईतील आणखी पाच मुलांना लस मिळाली आणि तेथून ती देशात इतरत्र गेली.

ब्रिटिश पार्लमेंटने जेन्नरला प्रथम दहा हजार आणि नंतर वीस हजार पौंडांचे पारितोषिक दिले. तो मात्र बर्कलीतच राहिला. बागेतील एका झोपडीत बसून तो गोरगरिबांना विनामूल्य लस टोचीत असे. जेम्स फिप्स मोठा होऊन संसारी झाला, तेव्हा जेन्नरने त्याला राहण्यास एक घर दिले आणि त्याच्या अंगणात आपल्या हातांनी गुलाब लावले.

एक लस जन्मभर पुरते, असे जेन्नर ठामपणे सांगे. त्या बासष्ट वर्षांच्या गृहस्थाचे उदाहरण त्याच्यापुढे होतेच. परंतु १८११ साली एका उमरावाच्या मुलाला भयंकर देवी आल्या. दहा वर्षांपूर्वी, तो तान्हा असताना, खुद्द जेन्नरनेच त्याला लस टोचली होती. विरोधकांना ऐतेच निमित्त मिळाले. जेन्नर अतिशय व्यथित झाला. देवी येऊन गेलेल्या माणसालाही क्वचित त्या पुन्हा येतात, हे त्याने लोकांच्या नजरेस आणले, आणि ते खरेच होते. तो मुलगा दगावला नाही. त्याच्या घरातील लस टोचलेल्या इतर मुलांना तर देवी लागल्याच नाहीत. तथापि जेन्नरचे म्हणणे पूर्णपणे बरोबर नव्हते. देवी येऊन गेल्याने मिळणारे संरक्षण बहुधा जन्मभर टिके. लशीचे संरक्षण काही वर्षांनी ओसरू लागे. अशा माणसाला देवी आल्या तरी त्या बहुधा सौम्य असत, पण येऊ शकत. त्यावर उपाय सोपा होता. लस पुन्हा टोचून घ्यावयाची. जेन्नरच्या हयातीत तो रूढ झाला नाही. २६ जानेवारी १८२३ रोजी बर्कली येथे त्याचा अंत झाला. त्याच्या अंत्ययात्रेस जेम्स फिप्सही आला होता.

जेन्नरच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत जर्मनीतील राज्यांनी आपल्या सैनिकांना दुसऱ्यांदा लस टोचण्यास आरंभ केला. इंग्लंडमध्ये १८४० साली खऱ्या देवी टोचण्याच्या जुन्या रीतीवर बंदी आली. लशीचा प्रसार देशोदेशी होत गेला. भारतात देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली सापडला, तर नैसर्गिक रीतीने देवी आलेला जगातील शेवटचा रोगी १९७७ साली आफ्रिकेतील सोमालिया देशात आढळला. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. त्यानंतर सर्वसामान्य लोकांना ही लस टोचणेही बंद झाले. त्यापूर्वी वाढलेल्या आजी-आजोबांच्या हातावर तिचे वाटोळे, खोलगट वण अजून दिसतात. त्यांच्या नातवंडांच्या हातावर ते नाहीत.