रॉबर्ट शूमान यांचा दुखावलेला हात

जर्मनींतील त्स्विकाऊ येथें सन १८१० मध्यें जन्मलेल्या रॉबर्ट शूमान यांस श्रेष्ठ पियानोवादक व्हावयाचें होतें. लाइपझिग येथें फ्रीड्रिख वीक यांजपाशीं शिकत असतां त्यांनीं अतिश्रम केले. बोटें बळकट व्हावींत म्हणून एक यंत्रही वापरलें. सन १८३२ मध्यें उजव्या हाताचें मधलें बोट निकामी झालें. सर्व उपाय व्यर्थ गेले. तथापि त्यांनीं संगीत सोडिलें नाहीं. वादकाचा रचनाकार झाला. त्या रचना पुढें पत्नी क्लारा यांनीं आपल्या हातांनीं जगास ऐकविल्या. स्वतः कॅथलिक नसतांही सन १८५२ मध्यें त्यांनीं मिस्साचें संगीत रचिलें. सन १८५६ मध्यें ते निवर्तले. वाद्य शिकणाऱ्या आमच्या मुलांस आम्ही इतकेंच सांगूं कीं, हात दुखूं लागतांच थांबावें. विश्रांति म्हणजे आळस नव्हे.