चेंडूवरची नजर

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टन शहराला लागूनच, ब्रुकलाइन नावाचे एक गाव आहे. तेथील क्लाइड रस्त्याच्या एका बाजूस एक विस्तीर्ण, हिरवेगार मैदान पसरलेले आहे. हे कंट्री क्लब या धनिकांच्या संस्थेचे गोल्फचे मैदान होय. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूस एका साध्या लाकडी घरात वीमेट कुटुंब राहत असे. वडील ऑर्थर हे कॅनडातून आलेले, तर आई मेरी ही आयर्लंडची. कष्टाची कामे करून ते आपला प्रपंच चालवीत. ८ मे १८९३ रोजी या दांपत्याच्या पोटी फ्रान्सिसचा जन्म झाला. तो चार वर्षांचा असताना हे कुटुंब या घरात राहावयास आले. घर आणि मैदान यांच्यामध्ये अंतर होते ते केवळ एका रस्त्याचे; परंतु गरिबाच्या मुलाला तो रस्ता ओलांडणे त्या काळी सोपे नव्हते.

गोल्फ हा खेळ दिसावयास सोपा, पण खेळावयास अवघड आहे. आपल्याकडे गोट्यांच्या खेळात जशी गल असते, तसे अठरा लहान खळगे मैदानात एकमेकांपासून दूर दूर केलेले असतात. लांब काठीने लहानसा टणक चेंडू टोलवीत तो क्रमाने एकेका खळग्यात घालावयाचा असतो. वाटेत उंचसखल जमीन, दाट झाडी, वाळूचे खड्डे असे अडथळे असतात. खळग्याभोवतीची हिरवळ मात्र बारीक कापलेली असते. तेथे चेंडू अगदी हलक्या हाताने ढकलावा लागतो. निष्णात खेळाडूला कोणत्या खळग्यास किती फटके पुरावेत, हे ठरलेले असते. एकंदरीत ज्याला सर्वांत कमी फटके लागतील तो विजयी ठरतो. या खेळात प्रतिस्पर्धी आपला चेंडू अडवीत नाही. चेंडू जागच्या जागी स्थिर असतो आणि खेळाडूला विचार करावयास भरपूर वेळ मिळतो. म्हणूनच त्याचे मन विचलित व्हावयासही भरपूर वेळ मिळतो.

खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी उचलून त्यांच्याबरोबर चालणाऱ्या मुलाला कॅडी म्हणतात. फ्रान्सिस लहान वयातच कंट्री क्लबमध्ये कॅडी म्हणून काम करू लागला. पिशवी वाहताना त्याचे डोळे मात्र खेळाडूंच्या हातांवर खिळलेले असत. कोण कसा उभा राहतो, काठी किती मागे नेतो, फटका मारताना मान स्थिर ठेवतो की वर उचलतो, हे तो बारकाईने पाही आणि घरी येऊन तसेच करून पाही. हरवलेले चेंडू गवतातून शोधून तो जपून ठेवी. घरामागच्या कुरणात त्याने व त्याचा थोरला भाऊ विल्फ्रेड याने टोमॅटोचे रिकामे डबे जमिनीत पुरून तीन खळग्यांचे स्वतःचे मैदान तयार केले. खडक, खाचखळगे आणि माजलेले गवत यांनी भरलेल्या त्या कुरणात चेंडू सरळ मारण्यावाचून गत्यंतरच नव्हते. कधी पहाटे, कधी भर पावसात, कोणी पाहत नाही असे बघून तो क्लबच्या मैदानातही शिरे आणि राखणदार धावून आला की पळ काढी. अशा रीतीने गुरूवाचून त्याने ही विद्या हस्तगत केली.

वडिलांना मात्र हा नाद मुळीच पसंत नव्हता. घरात चार पैशांची गरज असताना मुलाने खेळात वेळ दवडावा, हे त्या कष्टाळू गृहस्थाला कसे रुचावे? १९१० मध्ये हौशी खेळाडूंच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरण्यासाठी कोणत्या तरी क्लबचे सभासद असणे आवश्यक होते. तेव्हा फ्रान्सिसने आईकडून पंचवीस डॉलर उसने घेतले आणि पुढे एका दुकानात काम करून ते फेडले. त्या स्पर्धेच्या प्राथमिक फेरीतच तो थोडक्यात मागे पडला. १९११ आणि १९१२ सालीही तेच घडले. तीन वर्षे पदरी अपयश आले, तरी त्याने आपली पद्धत बदलली नाही. शाळा सोडून तो खेळाच्या साहित्याच्या दुकानात नोकरीस लागला होता. दिवसभर काम करावे आणि उरलेल्या वेळात तोच फटका शंभरदा घोटावा, असा त्याचा क्रम चालू राहिला. अखेर १९१३ मध्ये त्याने मॅसॅच्युसेट्स राज्याची हौशी खेळाडूंची स्पर्धा जिंकली.

त्याच वर्षी अमेरिकेची खुली अजिंक्यपद स्पर्धा ब्रुकलाइनच्याच मैदानावर भरावयाची होती. ब्रिटनचे दोन नामांकित धंदेवाईक खेळाडू हॅरी व्हार्डन आणि टेड रे यांना भाग घेता यावा, म्हणून ती सप्टेंबर महिन्यात ठेवण्यात आली. व्हार्डन यांनी ब्रिटनची खुली स्पर्धा तोवर पाच वेळा जिंकली होती, तर रे हे १९१२ चे विजेते होते. त्यांच्यापुढे वीस वर्षांच्या एका दुकाननोकराचा काय पाड लागणार, असेच कोणालाही वाटले असते. परंतु संघटनेच्या अध्यक्षांनी फ्रान्सिसला आग्रह केला, मालकाने रजा दिली आणि तो रस्ता ओलांडून मैदानात उतरला.

त्याची पिशवी उचलावयास आला होता एडी लोअरी नावाचा दहा वर्षांचा मुलगा. तो शाळा चुकवून आला होता, ही गोष्ट काही अनुकरण करण्याजोगी नव्हे. परंतु आपले काम मात्र त्याने मन लावून केले. त्याच्या उंचीच्या मानाने ती पिशवी फारच मोठी होती. तरीही ती सावरीत तो धावत असे आणि प्रत्येक फटक्याच्या वेळी चेंडूवर नजर ठेवण्याची आठवण आपल्या खेळाडूस न चुकता करून देई.

१८ व १९ सप्टेंबर १९१३ या दोन दिवसांत चार फेऱ्या खेळावयाच्या होत्या. तीन फेऱ्या संपल्या तेव्हा व्हार्डन, रे आणि फ्रान्सिस या तिघांचेही प्रत्येकी २२५ फटके झाले होते. पावसाने मैदानात चिखल माजला होता. चौथ्या फेरीत व्हार्डन व रे या दोघांनाही ७९ फटके लागले आणि त्यांची एकूण संख्या ३०४ झाली. मागाहून खेळणाऱ्या फ्रान्सिसचा प्रारंभ तर फारच वाईट झाला. पहिल्या नऊ खळग्यांस त्याने ४३ फटके घेतले. दहाव्या खळग्यास तीन फटके पुरेसे असता पाच लागले. आता बरोबरी साधावयाची, तर शेवटचे सहा खळगे २२ फटक्यांत, म्हणजे ठरलेल्या संख्येपेक्षा दोन कमी फटक्यांत, पूर्ण करणे भाग होते. पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आशा सोडली.

फ्रान्सिसने मात्र गेलेल्या फटक्यांचा हिशेब मनातून पुसून टाकला. तेराव्या खळग्यास त्याने हिरवळीच्या बाहेरून हलकेच मारलेला चेंडू थेट खळग्यात गेला आणि एक फटका वाचला. पुढील तीन खळगे त्याने ठरल्या संख्येतच पुरे केले. मग आला सतरावा खळगा, त्याच्या घराजवळचा. चेंडू खळग्यापासून सुमारे वीस फुटांवर होता आणि जमीन उतरती होती. क्लाइड रस्त्यावर गर्दीमुळे मोटारी अडकून पडल्या होत्या आणि त्यांचे भोंगे कर्कश वाजत होते. सभोवार हजारो लोक श्वास रोखून उभे होते. फ्रान्सिसने काठी हलकेच फिरविली. चेंडू उतारावरून घरंगळत गेला आणि खळग्यात पडला. लोकांनी जयघोष केला. ते भोंगे आपल्याला ऐकूच आले नव्हते, असे पुढे फ्रान्सिसने सांगितले. अठराव्या खळग्यासही त्याला ठरलेले चारच फटके लागले आणि त्याचीही संख्या ३०४ झाली. तिघांची बरोबरी झाल्यामुळे दुसऱ्या दिवशी निर्णायक फेरी खेळविण्याचे ठरले.

२० सप्टेंबरच्या सकाळी पाऊस पडतच होता. एवढ्या महत्त्वाच्या सामन्यात जाणत्या माणसाने कॅडीचे काम करावे, असे काहींना वाटू लागले आणि एडीला बाजूस सारण्याचा प्रयत्न झाला. त्या लहानग्याच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. ज्याने चारही फेऱ्या इमानाने साथ दिली, त्याला ऐनवेळी दूर करणे फ्रान्सिसला मान्य झाले नाही. पिशवी एडीकडेच राहिली. आधीच्या दोन वर्षांचा विजेता जॉन मॅकडरमॉट याने फ्रान्सिसला एक मोलाचा सल्ला दिला. व्हार्डन व रे काय करतात याकडे लक्ष न देता आपला खेळ आपण खेळावा, एवढेच त्याचे सांगणे होते. फ्रान्सिसने ते पूर्णपणे आचरणात आणले.

पाचव्या खळग्यास त्याचा एक चेंडू मैदानाच्या सीमेबाहेर गेला. असा प्रसंग भल्याभल्यांचे धैर्य खचविणारा असतो. त्याने दुसरा चेंडू घेतला आणि जणू काही घडलेच नाही अशा शांतपणे, त्याच लयीत काठी फिरवून तो हिरवळीवर पोहोचविला. नऊ खळगे संपले, तेव्हा तिघांचेही ३८ फटके झाले होते. आदल्या दिवशी ज्या दहाव्या खळग्याने फ्रान्सिसचा घात केला होता, तेथे आता त्याने तीन फटक्यांत काम भागविले. व्हार्डन व रे यांना मात्र चार-चार लागले. बाराव्यास त्याने आणखी एक फटका वाचविला. तेराव्यास व्हार्डन यांनी अंतर पुन्हा एकावर आणले. पंधराव्या खळग्याशी रे मागे पडले आणि सतराव्यापाशी व्हार्डन व फ्रान्सिस यांच्यात अवघ्या एका फटक्याचे अंतर उरले. तेथील वळण जवळच्या वाटेने ओलांडण्याचे साहस व्हार्डन यांनी केले आणि त्यांचा चेंडू वाळूच्या खड्ड्यात अडकला. फ्रान्सिसने नेहमीसारखा सरळ फटका मारला, चेंडू हिरवळीवर आणला आणि तीन फटक्यांत तो खळग्यात घातला. अखेर फ्रान्सिसचे ७२, व्हार्डन यांचे ७७ आणि रे यांचे ७८ फटके झाले. अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकणारा फ्रान्सिस हा पहिला हौशी खेळाडू ठरला. लोकांनी त्याला खांद्यावर उचलून घेतले आणि छोट्या एडीसाठी तेथेच वर्गणी गोळा केली. हौशी खेळाडू असल्यामुळे फ्रान्सिसला स्वतःला पैशाचे पारितोषिक स्वीकारता येत नव्हते. त्याची खंतही त्याला नव्हती.

१९१४ मध्ये फ्रान्सिस वीमेट यांनी हौशी खेळाडूंचे राष्ट्रीय अजिंक्यपदही मिळविले. परंतु १९१६ मध्ये, खेळाच्या साहित्याचा व्यवसाय करतात एवढ्या कारणावरून, संघटनेने त्यांची हौशी खेळाडू ही मान्यता काढून घेतली. त्यांनी मनात कटुता धरली नाही. महायुद्धात ते सैन्यात दाखल झाले आणि १९१८ मध्ये मान्यता त्यांना परत मिळाली. त्यानंतर राष्ट्रीय हौशी स्पर्धेत ते अनेकदा उपांत्य फेरीपर्यंत जाऊन पराभूत झाले. पण १९३१ मध्ये, म्हणजे पहिल्या विजयानंतर तब्बल सतरा वर्षांनी, ते पद त्यांनी पुन्हा जिंकले. १९५१ मध्ये स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील रॉयल अँड एन्शन्ट या प्रख्यात गोल्फ क्लबने त्यांना आपले कप्तानपद दिले. हा मान मिळालेले ते पहिलेच अमेरिकन होत. कॅडीचे काम करणाऱ्या मुलांना उच्च शिक्षण घेता यावे, यासाठी १९४९ मध्ये त्यांच्या नावे एक निधी स्थापन झाला. शाळा अर्धवट सोडावी लागलेल्या या माणसाला त्या निधीचे मोल किती वाटले असेल, याची कल्पना सहज करता येते. एडी लोअरीशी जडलेला स्नेह त्यांनी अखेरपर्यंत जपला. २ सप्टेंबर १९६७ रोजी त्यांचे निधन झाले.

व्हार्डन आणि रे यांच्या अंगी कौशल्य फ्रान्सिसहून कमी नव्हते. अनुभव तर कितीतरी अधिक होता. परंतु त्या पावसाळी दिवशी फ्रान्सिसने ना मागच्या चुकीकडे वळून पाहिले, ना पुढच्या विजयाकडे डोळे लावले. समोर होता तो चेंडू, त्यावर त्याची नजर होती. आणि कुरणातील डब्यांभोवती वर्षानुवर्षे घोटलेला फटका त्या एका क्षणी हाताशी आला. घरासमोरचा तो रस्ता फ्रान्सिसने ओलांडला, तो असा एकेका फटक्याने.