वाढत्या विश्वाचे गणित

जॉर्ज लमेत्र यांचा जन्म बेल्जियममधील शार्लरुआ या गावी १७ जुलै १८९४ रोजी झाला. ते अभियांत्रिकीचे शिक्षण घेत असतानाच १९१४ साली महायुद्ध पेटले. तरुण लमेत्र स्वेच्छेने सैन्यात दाखल झाले आणि तोफखान्यात लढले. युद्ध संपल्यावर त्यांनी गणित व धर्म हे दोन्ही मार्ग एकाच वेळी स्वीकारले. १९२३ साली ते कॅथॉलिक धर्मगुरू झाले आणि त्याच वर्षी केंब्रिजला एडिंग्टन या थोर खगोलशास्त्रज्ञाकडे अध्ययनासाठी गेले.

जड वस्तूच्या सान्निध्यात अवकाश वाकते व काळही मंद गतीने चालतो, हे आइन्स्टाइन यांनी १९१५ साली दाखवून दिले होते. परंतु समग्र विश्व मात्र स्थिर आहे, अशी खुद्द आइन्स्टाइन यांचीच दृढ समजूत होती. इकडे दुर्बिणीतून पाहणाऱ्यांना दूरच्या बहुतेक दीर्घिकांचा प्रकाश तांबड्या रंगाकडे सरकलेला आढळत होता. असे का व्हावे?

लमेत्र यांनी १९२७ साली याचे उत्तर दिले. दीर्घिका अवकाशातून धावत नाहीत. त्यांच्यामधले अवकाशच ताणले जात आहे. रबराच्या फितीवर समान अंतरावर शाईचे ठिपके देऊन ती ताणली, तर कोणत्याही ठिपक्यापासून जवळचा ठिपका थोडा सरकतो, दूरचा अधिक सरकतो. आणि मध्यबिंदू असा कोणताच ठरत नाही. विश्वाचेही तसेच. त्यातून येणारी प्रकाशाची लहर वाटेतच लांबत जाते, म्हणून ती तांबडी दिसते. या प्रसरणाचा वेगही लमेत्र यांनी मोजून मांडला.

त्याच वर्षी ब्रुसेल्स येथे आइन्स्टाइन यांची भेट झाली. गणितात त्यांना दोष सापडला नाही, पण कल्पना मात्र त्यांनी साफ नाकारली. रशियाचे फ्रीडमन यांनी असे गणित १९२२ सालीच केले होते, हेही लमेत्र यांना तेव्हाच कळले. तेवढ्या मोठ्या माणसाने नाकारल्यावर दुसरा कोणी खचला असता. लमेत्र वादात पडले नाहीत, आणि आपले म्हणणेही त्यांनी सोडले नाही.

१९२९ साली हबल यांनी दीर्घिकांची अंतरे व वेग यांचा संबंध वेधांनी सिद्ध केला. १९३१ साली लमेत्र यांचा निबंध इंग्रजीत आला, तेव्हा वेगाच्या मोजणीचा भाग नवे वेध उपलब्ध झाले म्हणून त्यांनी स्वतःच गाळला! नियमाला नाव हबल यांचे पडले. त्यात लमेत्र यांचेही नाव जोडावे, अशी शिफारस जगातील खगोलशास्त्रज्ञांनी मतदानाने केली, ती २०१८ साली.

विश्व वाढत असेल, तर पूर्वी ते अत्यंत लहान व दाट असले पाहिजे, हा विचारही त्यांनी १९३१ सालीच मांडला. १९५१ साली पोपनी या विज्ञानात ईश्वरी निर्मितीचा पुरावा पाहिला, तेव्हा स्वतः धर्मगुरू असूनही लमेत्र यांना ते रुचले नाही. गणित आणि श्रद्धा यांची गल्लत त्यांना मान्य नव्हती.

पुढे १९६५ साली आकाशाच्या सर्व दिशांनी येणाऱ्या मंद सूक्ष्मलहरींचा शोध जाहीर झाला. विश्वाच्या बाल्यावस्थेतील प्रकाशच अवकाशाबरोबर सुमारे ११०० पट ताणला जाऊन या लहरी झाल्या होत्या. लमेत्र तेव्हा आजाराने जर्जर झाले होते. १९६६ च्या जूनमध्ये एका सहकाऱ्याने रुग्णालयात जाऊन त्यांना ही वार्ता सांगितली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २० जून रोजी, त्यांचे देहावसान झाले.